घुंगरू बांधलेला कॅमेरा

१ एप्रिल १९९०, रविवार. दोंडाईचा

धुळ्यात परवा एका लग्नात फोटोग्राफरचा कॅमेरा गेला. खुर्चीवर ठेवून जिलेबी खायला बसला आणि जिलेबी संपेपर्यंत खुर्ची रिकामी. ऐकल्यापासून मला चैन नाही. माझा पेंटॅक्स गेला तर मी काय करणार, स्टेशनावर शेंगा विकणार? दुकानाच्या पाटीवर 'शालिग्राम फोटो स्टुडिओ' लिहिलंय खरं, पण स्टुडिओ म्हणजे तो कॅमेराच. बाकी एक पडदा, एक स्टूल आणि कोठीच्या खोलीएवढी डार्करूम.

आज दिवसभर बंदोबस्त केला. कॅमेऱ्याचा नंबर या वहीच्या पहिल्या पानावर उतरवला. मागचं झाकण उघडून आतल्या बाजूला सुईने नाव कोरलं, बाहेरून दिसत नाही. पट्ट्याला आतून तार ओवली, म्हणजे ब्लेडने कापता येणार नाही. आणि सगळ्यात भारी युक्ती शेवटी सुचली. बायकोचं, प्रमिलाचं, एक पैंजण तुटून पडलं होतं. त्यातलं घुंगरू काढून पिशवीच्या बंदाला शिवलं. पिशवी कुणी उचलली की वाजणार.

प्रमिला म्हणाली, "मला कधी एवढं जपलं नाही." मी म्हणालो, "तुला कोण नेतंय." तिने मला पोळी वाढली नाही, माझी मला घ्यावी लागली.

४ एप्रिल, बुधवार

सकाळी एक माणूस सायकल मारत आला, फोटो काढायचाय म्हणे, लगेच चला. रुळांपलीकडच्या वस्तीत अभिमन आबांकडे. आबा म्हणजे मिरचीचे व्यापारी, हंगामात त्यांच्या पथारीवर, मिरची वाळवायच्या मैदानावर, पोत्यांचा डोंगर लागतो, आणि पंचक्रोशीत त्यांचा शब्द खाली पडत नाही. गेलो तर ओटा माणसांनी भरलेला. आबांची धाकटी सून मंजुळा गेलेली. वय विशीचं असेल. पहाटे पोटात कळ आली आणि गेली, असं म्हणाले.

मयताचे फोटो मला नवे नाहीत. आमच्याकडे माणूस जिवंतपणी फोटो काढत नाही, गेल्यावर सगळ्यांना आठवण होते. मग त्याला खुर्चीत बसवायचं, हनुवटी कुणीतरी धरायची, आणि मी नंतर प्रिंटवर ब्रशने डोळे उघडायचे. पुन्हा त्या रंगवलेल्या प्रिंटचा फोटो घेऊन कॉपी काढायची. या कामात तालुक्यात माझ्याइतका हात कुणाचा नाही, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

पण फोटो आबांना नको होता. "उन्हाच्या आत उरकू," एवढंच ते म्हणत होते. हट्ट पोरीच्या आईचा. भिकुबाई, साक्रीकडची. रात्रीच कुणाच्या तरी निरोपावर निघून आली होती, पहाटेच्या आधी निरोप कसा पोचला कोण जाणे. फोटो काढल्याशिवाय उचलू देणार नाही म्हणून दारात आडवी बसली. चार लोकांसमोर आबांना नाही म्हणता येईना.

खुर्चीत बसवली. हनुवटी आईनेच धरली. सासूने पदर गळ्याशी घट्ट लपेटून दिला, तर या बाईने तो ओढून खाली केला. "भाऊ, पदर ऱ्हाऊ दे बाजूले. जशी शे तशी काढ." सासूने पुन्हा वर केला, हिने पुन्हा खाली. दुःखात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी पटकन दोन फोटो घेतले. ओट्यावर ऊन अजून यायचं होतं, उजेड सगळीकडे सारखा पसरलेला, कुठे सावलीचा काळा डाग नाही. फोटोला असा उजेड नशिबाने मिळतो.

बटण दाबलं तेव्हा भिकुबाई पोरीकडे बघत नव्हती. कॅमेऱ्याकडे बघत होती. आवाज झाला तशी दचकली, आणि मग मी कॅमेरा पिशवीत घालून बंद ओढेपर्यंत तिची नजर पिशवीवरून हलली नाही. घुंगरू वाजलं तर तिने मान वर केली. 

६ एप्रिल, शुक्रवार

दुपारी प्रिंट काढला. चेहरा छान आलाय. पण गळ्यावर काळसर पट्टा आलाय, या कानाखालून त्या कानाखालपर्यंत. पदराची सावली पडली असणार.

डोळे उघडायला प्रमिलाला खिडकीशी बसवलं. हे आमचं नेहमीचं आहे. मेलेल्याचे डोळे कसे होते मला कुठे ठाऊक, म्हणून प्रमिलाचे बघून काढतो, पुरुष असेल तर पापणी जरा जाड. प्रमिला एकदा म्हणाली होती, हळदीकुंकवाला कुणाच्या घरी गेलं की भिंतीवरून मीच माझ्याकडे बघते. मी हसलो होतो.

आज ती बसायला तयार नव्हती. प्रिंट हातात घेऊन उभी राहिली.

"ही कशाची सावली?"

"पदराची."

"पदर तर खाली आहे."

"मग हनुवटीची."

"अहो, हनुवटीची सावली मागे कानापर्यंत जाते का?"

मी म्हणालो, "फोटोग्राफर तू का मी?" ती बसली, पण सारखी डोळे मिटत होती. मला तीनदा ओरडावं लागलं. शेवटी डोळे उघडले, गळा ब्रशने साफ केला, ओठांना जरा हसू दिलं. कॉपी इतकी सुरेख आली की मलाच वाटलं, पोरगी आता बोलेल.

प्रमिलाने संध्याकाळी डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवल्या. आग होते म्हणाली. ऊन आहे, दुसरं काय.

८ एप्रिल, रविवार

चौकट करून आबांकडे पोचवली. आबांनी बराच वेळ फोटो धरून ठेवला. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. गळ्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "शालिग्राम, तुझ्या हातात देव आहे." असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. चहा झाला, वर पेढाही, घरात मयत होऊन चार दिवस झालेत तरी.

निघताना म्हणाले, "ती काच पण देऊन टाक." निगेटिव्हला जुनी माणसं काच म्हणतात. मी म्हणालो, आबा, निगेटिव्ह दुकानाची असते, ती मी कुणाला देत नाही. हा माझा नियम आहे, सख्ख्या मेव्हण्यालाही दिली नव्हती. आबा हसले. "बरं. आणि तिच्या आईला वेगळा फोटो नको देऊ. मी पोचवतो." मोठी माणसं, खर्चाचंही बघतात.

१७ एप्रिल, मंगळवार

कॅमेरा गेला.

 काल मंजुळेचं तेरावं झालं, भिंतीवर माझा फोटो लावून. आज सकाळी तिची आई दुकानात आली. साक्रीची गाडी दुपारनंतर आहे म्हणाली आणि बाकावर बसली. पाणी दिलं, प्यायली नाही. बोलली एकच वाक्य, "ह्या डोया मनी पोरना नई शेतस." मी समजावलं, ताई, तुझ्या पोरीचे नसले तरी डोळे काढावेच लागतात. पण तिचं लक्ष खुंटीवरच्या पिशवीकडे. मग केव्हातरी उठून गेली. तिचं दुःख मी समजू शकतो, पण माझ्या कामाला नाव ठेवलं याचा मला थोडा रागच आला.

भर दुपारी मी डार्करूममध्ये होतो. प्रमिला गिरणीवर गेलेली. बाहेर चिटपाखरू नाही, रस्ता नुसता पांढरा. आतून मला घुंगरू ऐकू आलं. एकदाच, मग थांबलं, मग लांबून. मला वाटलं प्रमिला आली, पायात पैंजण. मग आठवलं, पैंजण तुटलंय.

बाहेर आलो तर खुंटी रिकामी. बाकाजवळचा पाण्याचा पेला रिकामा. आणि फोटोचं स्टूल, जे पडद्याला लागून असतं, ते पुढे ओढून दाराकडे तोंड करून ठेवलेलं, कुणीतरी कुणाला उठवून सोबत न्यावं तसं.

रस्त्याच्या दोन्ही टोकांना धावलो. कुणी नाही. हा स्टेशनावरच्या त्या पाकीटमारांचाच धंदा. नाहीतर चौकातल्या नव्या स्टुडिओवाल्याचा, त्याचा माझ्यावर आधीपासून डोळा आहे.

१८ एप्रिल, बुधवार

चौकीत तक्रार दिली. हवालदार सुकदेव ओळखीचे. नंबर सांगितला, आतल्या नावाचं सांगितलं, तेव्हा ते खूश झाले. "असं सगळे करतील तर आमचं काम हलकं होईल." मग म्हणाले, "घुंगरू कशाला बांधलं?" मी युक्ती सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे चोर वाजत वाजत गेला आणि तुम्ही आत बसून ऐकलंत." बाहेर येईपर्यंत मला त्यांचं हसू ऐकू येत होतं.

तिथून धुळ्याची गाडी पकडली. चोरीचा कॅमेरा एक तर विकायला जातो, नाहीतर दुरुस्तीला. बसस्टँडजवळ रुपचंद बसतो, खान्देशातले निम्मे कॅमेरे त्याच्या हातून उघडतात. त्याला नंबर लिहून दिला. आणखी दोन जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांतही दिला. रुपचंद म्हणाला, आला की अडकवून ठेवतो, काळजी करू नकोस. काळजी करू नको म्हणायला लोकांचं काय जातं.

२० एप्रिल, शुक्रवार

ही गोष्ट प्रमिलाला सांगितली नाही, इथे लिहितो. काल दुपारी दुकानात रिकामा बसलो होतो. बाहेर उन्हाने रस्ता हलत होता. आणि घुंगरू वाजलं. तेच, जरा बसका आवाज, मी शिवलेला. दुकानाच्या पायरीशी वाजलं आणि रुळांकडे गेलं. उठून पाहिलं, गल्लीत एक कुत्रं सावलीला पडलेलं, बाकी कुणी नाही. आज पुन्हा त्याच सुमाराला.

कान कोरून घ्यावेत म्हणतो. प्रमिला मात्र जेवताना आपणहून म्हणाली, "दुपारी तुम्हाला काही ऐकू येतं का हो?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मलाही नाही," आणि भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

२२ एप्रिल, रविवार

देवमाणूस कसा असतो ते आज पाहिलं. अभिमन आबा स्वतः दुकानात आले. ज्या बाकावर भिकुबाई बसली होती तिथे बसले. म्हणाले, "तुझा कॅमेरा गेला, ऐकून झोप लागली नाही. पोटावर पाय आला तुझ्या." मग म्हणाले, नवा कॅमेरा मी घेऊन देतो, मुंबईहून मागवतो, तुला हवा तो. फेडायचं नाव काढायचं नाही. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

"त्या बदल्यात ती काच तेवढी दे. सुनेची वस्तू अशी परक्या दुकानात पडून राहते, घरातल्या बायांना बरं वाटत नाही."

नियम नियमाच्या जागी. कॅमेऱ्याशिवाय दुकान नाही आणि दुकानाशिवाय नियम कुठला. मी हो म्हणालो. अक्षय तृतीया, आमची आखाजी, झाली की कॅमेरा येईल, तेव्हा देतो म्हणालो. आबा उठले, दारात थांबून विचारलं, "कुठे ठेवतोस रे अशा काचा?" मी म्हणालो, घरीच, डब्यात. प्रमिला आतून कपबशा घ्यायला आली होती, तिच्या हातून बशी पडून फुटली.

ते गेल्यावर ती म्हणाली, "मयत सुनेच्या काचेसाठी नवा कॅमेरा देतात का कुणी?" मी म्हणालो, तुला चांगुलपणा बघवत नाही. ती फुटलेल्या बशीचा केर भरत बसली.  

२५ एप्रिल, बुधवार

रुपचंदचा निरोप आला म्हणून पुन्हा धुळे. कॅमेरा आला नाही. पण तो म्हणाला, "आठवड्यापूर्वी, तू येऊन जायच्या आदल्या संध्याकाळी, एक बाई आली होती. खेड्यातली, डोईवर पदर, कडेवर मूल घ्यावं तशी छातीशी पिशवी धरलेली. म्हणाली, डब्ब्यात माणूस गेलं तर बाहेर कसं काढतात. मला वाटलं, वेडी आहे. हसून वाटेला लावली. काल रात्री जेवताना आठवलं, ती पायरी उतरली तेव्हा काहीतरी वाजत होतं."

कुठल्या गाडीत बसली विचारलं. साक्रीच्या.

 परत येताना गाडीत मला राग आला. एवढी तार, एवढा नंबर, आत कोरलेलं नाव, आणि कॅमेरा नेला एका रडणाऱ्या बाईने, माझ्यासमोर बसून.

प्रमिलाला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "आखाजीला जा. आखाजीला ती घरीच असेल. आणि पोलिसांना घेऊन जाऊ नका."

२७ एप्रिल, शुक्रवार. आखाजी

लिहायला साक्रीच्या बसस्टँडवर बसलोय. परतीची गाडी यायची आहे.

साक्रीच्या पुढे फाट्यावर उतरून पायी गेलो. गावात आखाजी रंगलेली. दारोदार खापरावर पोळ्या, आमरसाचा वास, माहेरी आलेल्या पोरी झाडाझाडाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या. भिकुबाईचं घर विचारलं की गाणं थांबायचं. एकीने नुसतं बोटाने दाखवलं, गावाच्या कडेला, एकटा निंब.

त्या बाजूला कुणी पोरगी फिरकत नव्हती. मी जवळ जायच्या आधीच घुंगरू ऐकू आलं. एका लयीत. थांबायचं, वाजायचं.

निंबाला झोका बांधला होता. फळीवर नवी हिरवी साडी घडी घालून पसरलेली, त्यात माझी पिशवी बसवलेली, बंदाला मोगऱ्याचा गजरा. पिशवीच्या कापडावर हळद-कुंकू. भिकुबाई जवळच जमिनीवर बसली होती, तिच्या हातात दोरी नव्हती. वारा अजिबात नव्हता. समोर पानावर पुरणपोळी वाढलेली, शेजारी पाण्याने भरलेली घागर, वर खरबूज. घागर गेलेल्यांसाठी भरतात आणि झोका जिवंत लेकीसाठी बांधतात. दोन्ही एका जागी मी पहिल्यांदा पाहिलं.

मी सगळं भांडण पाठ करून गेलो होतो. 

"बस भाऊ," ती म्हणाली. "आखाजी शे ना. पोरले माहेरले आनं."

मी म्हणालो, ताई, तो कॅमेरा आहे.

"शे ना. त्याम्हाच शे ती. मी देखं. तू आवाज करा, आणि ती आत गई. भिंतवर तू दुसरीच बाई टांगी दिधी. डोया दुसराना, गया दुसराना." तिने स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला, या कानापासून त्या कानापर्यंत. सावकाश. मग अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून तो हात तसाच धरून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

कुठेतरी लांब पोरींनी पुन्हा गाणं धरलं. झोका हलत होता. मी मान खाली घातली.

ती उठली, झोका हाताने थांबवला, पिशवी उचलून कडेवर घेतली आणि माझ्या हातात दिली. अंगणातून पाहुण्याकडे मूल देतात तशी, मानेखाली हात घालून. "ली जाय. माले काढता येत नई. तूच काढ तिले. पन डोया उघाडू नको, गया पुसू नको. जशी शे तशी दे."

मी विचारलं, त्या दिवशीच का नाही सांगितलंस कुणाला? ती म्हणाली, सांगितलं. दारात आडवी बसून सगळ्या गावाला सांगितलं, फोटो काढून ठेवा म्हणून. मला वाटलं होतं, तिला फोटोची हौस.

पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आलो. खांद्याला नेहमीपेक्षा जड वाटत होती. उन्हामुळे असेल.

२८ एप्रिल, शनिवार

डबा उघडला तर निगेटिव्ह नाही.  परसात जाऊन बसलो. प्रमिला मागून आली आणि म्हणाली, "तुम्ही 'घरीच, डब्यात' म्हणालात त्याच दिवशी मी हलवली." पापडाच्या पिठात, पुरचुंडीत बांधून ठेवलेली. एवढा कॅमेऱ्याचा बंदोबस्त केला मी, आणि जपण्याची वस्तू कुठली हे तिला आधी कळलं होतं.

दुपारी डार्करूममध्ये गेलो. मोठा प्रिंट लावला. कागद डेव्हलपरच्या पाण्यात सोडला, लाल दिव्याखाली हलवत राहिलो. आधी केस आले, मग कपाळ. मिटलेले डोळे आले. मी ब्रश बाहेरच ठेवून आलो होतो.

मग गळा आला.

मी सावल्यांवर पोट भरणारा माणूस आहे. सावलीला धार नसते, ती कडेला विरत जाते. ही विरत नव्हती. आणि त्या दिवशी ओट्यावर सावलीला ऊनच नव्हतं, हे माझ्याच अक्षरात मागच्या पानावर आहे, आज वाचलं. एका बाजूला एक डाग. दुसऱ्या बाजूला वेगवेगळे चार. मी ते ब्रशने पुसले होते आणि वर ओठांना हसू दिलं होतं. आणि आबांनी त्यावरून अंगठा फिरवून म्हटलं होतं, तुझ्या हातात देव आहे.

कागद पुढच्या पाण्यात सरकवला. बाहेर जाऊन आलो. पाण्यात ती तशीच होती, मिटल्या डोळ्यांची, घाई नसलेली. दुकानात बाहेर कुणी नव्हतं, पिशवी खुंटीवर होती, आणि घुंगरू वाजलं. या वेळी मी बाहेर पाहायला गेलो नाही. म्हणालो, थांब बाई, वाळू दे कागद.

मग आणखी प्रिंट काढले. प्रमिलाने येऊन एकेक तारेवर लटकवला. शेवटचा लटकवून झाल्यावर ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांची आग थांबली."

२९ एप्रिल, रविवार

आबांचा माणूस खोकं घेऊन आला. नवा कॅमेरा, कोरा, भारी. काच मागितली. मी म्हणालो, आबांना सांगा, धुतोय, उद्या देतो. इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. तो खोकं टेबलावर ठेवून गेला. म्हणाला, "आबा उद्या दुपारी स्वतः येतील." दिवसभर समोरच्या टपरीवर दोन अनोळखी माणसं चहा पीत बसली होती. एवढा चहा कुणी पीत नाही.

हवालदार सुकदेव कॅमेरा मिळाला का विचारायला डोकावले. त्यांना प्रिंट दाखवला. त्यांचं हसू गेलं. हळूच म्हणाले, "इथे नका देऊ. आबांचा चहा इथे सगळ्यांनी प्यालाय. धुळ्याला थेट मोठ्या साहेबांकडे जा, आणि आईला सोबत न्या." मग मोठ्याने, टपरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "कॅमेरा सापडला, तक्रार मिटली," आणि गेले.

भिकुबाईला निरोप धाडला. प्रमिला म्हणाली, मीही येते. मी म्हणालो, धोका आहे. ती म्हणाली, "तालुक्यातल्या निम्म्या भिंतींवर माझे डोळे आहेत. मी बघितलंय म्हणून सांगायला मी नको?"

३० एप्रिल, सोमवार. धुळे

पहिल्या गाडीने निघालो. दुकानाला कुलूप लावलं नाही. दोन्ही कॅमेरे, आबांचा खोक्यातला आणि माझा तारेच्या पट्ट्याचा, टेबलावर मांडून ठेवले. ज्याला न्यायचा त्याने न्यावा. टपरीवरच्या माणसांनी उघडं दुकान आणि टेबलावरचा माल बघितला, आणि त्यांना वाटलं असावं मी शेजारीच गेलोय. गाडी दुकानावरून पुढे गेली तेव्हाही ते दुकानाकडेच बघत होते.

निगेटिव्ह माझ्या बंडीच्या आतल्या खिशात आहे. प्रमिलाने खिसा वरून शिवून टाकला, आणि टाका घालताना पिशवीचं घुंगरू काढून तिथे लावलं. मी हसलो नाही. गाडीने गचका दिला की वाजत होतं, मी वर हात ठेवत होतो.

भिकुबाई साक्रीच्या गाडीने येऊन आधीच साहेबांच्या ऑफिसच्या फाटकाशी उभी होती. तिला प्रिंट दिला. उघडूनही न बघता तिने आधी माझ्या छातीकडे पाहिलं, घुंगराच्या आवाजाकडे. मग पाकीट उघडलं. बराच वेळ बघितलं. रडली नाही. पदराच्या टोकाने फोटोवरची धूळ पुसली, गळ्यावर मात्र हात नेला नाही.

"हाई मनी पोर," ती म्हणाली.

साहेबांचं ऑफिस उघडायला अजून वेळ आहे. आम्ही तिघं फाटकासमोरच्या बाकावर बसलोय, मी हे लिहितोय. मला भीती वाटते. आबांना आतापर्यंत कळलं असेल. पुढे काय होईल, ऐकून घेतील की हाकलतील, दोंडाईच्यात पुन्हा दुकान उघडता येईल की नाही, मला माहीत नाही. प्रमिला म्हणाली, वही बंद करा, फाटक उघडलं.

मी अजून बसलेलोच आहे, हललोही नाही, आणि खिशात घुंगरू वाजलं. तिघांनीही ऐकलं. भिकुबाई उठली, लेकीला सासरहून न्यायला आलेली आई उठते तशी, पदर सावरून. माझ्याकडे न बघता खिशाकडे बघत म्हणाली,

"चाल व बाई. आत्ते कोनी नई आडावत."